इंगोलेबाईंच्या हाताला शीर सापडायची

इंगोलेबाई गेल्या, त्यांच्या पुण्यानुमोदनाला आसेगावच्या विहारात आम्ही वीस-बावीस बाया जमलो होतो, आणि प्रत्येकीला वाटत होतं की बाई सगळ्यात जास्त तिच्याच होत्या. एक उठली आणि म्हणाली, बाई घरी आल्या की आधी विचारायच्या, तू जेवली काय. दुसरी म्हणाली, मलाही तेच विचारायच्या. तिसरी तर रडतच उभी राहिली. तिला म्हणे बाईंनी एकदा स्वतःच्या हातानं भाकर थापून घातली होती. मी मागच्या सतरंजीवर बसून हे ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. सहा वर्षं माझ्या घरी त्यांचं येणं-जाणं होतं. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही की तू जेवली काय.

माझा नंबर आला तेव्हा दोन वाक्यं कशीबशी बोलले आणि खाली बसले. भरल्या सभेत काय सांगणार होते? की या बाईवर मी सहा वर्षं जळले? तिथं नाही सांगितलं, इथं सांगते.

माझा मुलगा वेदांत. त्याला हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला जे लागतं त्यातला एक घटक त्याच्या रक्तात जवळपास नाहीच. लोकांना वाटतं, असं पोरगं म्हणजे जरा खरचटलं की धार लागते. धार दिसली तर बरंच की. हे रक्त आतल्या आत सांध्यात साचतं. सकाळी पोरगं शाळेत पळत जातं आणि दुपारी कोणीतरी उचलून आणून देतं, गुडघा फुगलेला, हात लावू देत नाही. त्याच्यावर औषध एकच, फॅक्टर. छोट्या बाटलीतली पांढरी पूड, सोबतच्या पाण्यात विरघळवायची आणि सावकाश शिरेतून सोडायची. शिरेतूनच. कमरेत किंवा दंडात सुई दिली तर तिथंच रक्ताची गाठ धरते. म्हणजे सगळं येऊन अडतं ते एका शिरेपाशी. तीन-चार वर्षांच्या गुबगुबीत हातात शीर शोधायची म्हणजे काय, ते ज्यानं शोधलं त्यालाच माहीत.

मानोऱ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे, दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. ब्लाउजचं काज मी गप्पा मारत करते. सुईत दोरा ओवायला मला चष्मा लागत नाही. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं माझ्या हाताची जी शोभा झाली ती ऐकून तुम्हाला वाटेल की बाई मुळातच वेंधळी असेल.

बाईंची पहिली भेट वाशिमच्या दवाखान्यात झाली. वेदांत साडेतीन वर्षांचा होता. एक सिस्टर टोचून थकली, दुसरीनं दोन्ही हात आणि पाय पाहून सोडले. पोरगं रडून रडून निळं पडलं होतं आणि मी त्याचे खांदे दाबून धरले होते. तेवढ्यात एक बाई आत आली. ठेंगणी, काळीसावळी, मनगटावर पुरुषी घड्याळ, दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. थेट पोराला म्हणाली, "काय रे भौ, हात थंडगार पडला तुहा. लपून बसली शीर आतमंदी. गरम झाली का येते बाहेर." कोमट पाण्याचा ग्लास त्याच्या मुठीत दिला. म्हणाली, धरून ठेव, सांडला तर मले नवीन लुगडं घेऊन द्या लागन. पोरगं रडायचं थांबून ग्लास सांभाळायला लागलं. मग मला म्हणाली, "तू बाजूले सरक. तू त्याले दाबून राह्यली, त्याची शीर भेवून राह्यली." आणि अंगठ्यानं त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला दोनदा चाचपून सुई घातली. एकाच वेळेत. पोरगं बघत बसलं. औषध संपलं तेव्हा त्यानं विचारलं, "आजी, झालं काय?"

आजी. पाच मिनिटांच्या ओळखीत. त्या बाईचे पाय धरावेत असं वाटलं, हे खरं, आणि तिला हाताला धरून बाहेर घालवावं असं वाटलं, हेही तेवढंच खरं.

बाई सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये होत्या, म्हणजे रक्त काढायच्या आणि तपासायच्या. नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात झाली, रिटायर होऊन आसेगावात भावाच्या घराशेजारी दोन खोल्या बांधून राहिल्या. नवरा लवकर गेलेला. "तीस वर्स लोकायचं रक्त काढलं, आता भरून राह्यली," एवढंच सांगायच्या स्वतःबद्दल. जिल्ह्यात हिमोफिलियाची जेवढी घरं होती तेवढी त्यांनी एकेक करून शोधून काढली होती. कोणी दवाखान्यात भेटलं, कोणाचं नाव आशाताईकडून कळलं, एक तर एसटीत सापडलं. एसटीत कसं, तर बाईंना सवय होती माणसाच्या तोंडाऐवजी हाताकडे बघायची. शेजारच्या सीटवर एका पोराच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले, तशा त्या पोराच्या आईसोबत तिच्याच गावी उतरल्या. माणसं त्यांना शिरांवरूनच लक्षात राहायची. "थो कंडक्टर नाई काय, कोपरापाशी दोन फाटे फुटले त्याच्या शिरेले," असं म्हणायच्या. नाव विचारलं तर माहीत नसायचं.

एका पिशवीत बर्फाचा थर्मास, दुसरीत पट्ट्या, सुया आणि खारे शेंगदाणे. पोराचं काम होईपर्यंत कोणाच्या घरचं पाणीही घ्यायच्या नाहीत, आणि झालं की लागोपाठ दोन कप चहा प्यायच्या. "बिचारा" हा शब्द त्यांच्यापुढं चालायचा नाही. कोणी म्हणालं की लगेच, "बिचारा कायचा? दोन भाकरी खाते थो." प्रत्येक पोराच्या गळ्यात त्यांनी एक प्लॅस्टिक चढवलेलं कार्ड अडकवलं होतं. त्यावर लाल शाईनं त्यांच्याच अक्षरात: आधी फॅक्टर, मग बाकीचं. कमरेत, दंडात सुई देऊ नका. कुठल्याही डॉक्टरपुढं हे कार्ड धरायला पोरांना शिकवलं होतं. वेदांत तर पाहुण्यांनाही दाखवायचा.

मला त्यांनी काय दिलं, तर काम. पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा मशीनकडे बघून म्हणाल्या, "शिवतं काय? मंग गुडघ्यावर गादी लावून पँटा शिव. रांगणाऱ्या लेकरायले पायजे." झालं. तेव्हापासून वाशिम जिल्ह्यातल्या तमाम हिमोफिलियावाल्या पोरांच्या पँटच्या गुडघ्यात मी शिवलेली कापसाची गादी आहे. आणि बाया काय म्हणायच्या? इंगोलेबाईंनी पँट आणून दिली. शिवली कोणी, विचारलं एकीनं तरी? पुण्यानुमोदनातही एक सांगत होती, बाईंनी माझ्या लेकराला गादीची पँट आणली. मी म्हटलं, हो का.

पोहरादेवीजवळच्या एका तांड्यावर त्या मला सोबत घेऊन गेल्या होत्या, ते सांगते. वर्षाचं पोरगं, पाळण्यात असतानाच त्याचा आजार कळला होता. त्या दिवशी त्याचं जावळ होतं आणि कानही टोचायचे होते. घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार, त्याआधी देवाचं उरकून घ्यायचं होतं. न्हावी वस्तरा पाजळून बसला होता. बाई गेल्या आणि सरळ पोराच्या आजोबांपुढं बसल्या. मला वाटलं, आता आजार, रक्त, डॉक्टर यावर भाषण देतील. तसं काही नाही. त्यांनी विचारलं, "देवाले काय पायजे?" आजोबा म्हणाले, केस. "मंग केस देऊ ना. वस्तऱ्यानंच पायजे हा हट्ट देवाचा हाय का न्हाव्याचा?" न्हाव्यानं मान खाली घातली. आजोबांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. शेवटी म्हणाले, कातरीनं चालते. माझ्याकडून बाईंनी बोथट टोकाची कातर आणवली होती, ती न्हाव्याच्या हातात दिली. पण कानाचं काही जमेना. आजी अडून बसली. पोराच्या बापाचे टोचले, आजाचे टोचले, याचेच काय म्हणून नाही? बाई तिच्याशी भांडल्या नाहीत. तिच्या कानात काहीतरी बोलल्या. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले, पोराच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना कुंकवाचं बोट लावलं आणि उठली.

परत येताना मी विचारलं, काय सांगितलंत तिला. म्हणाल्या, "थे माहं अन तिचं हाय." निघायच्या आधी, ऊसतोडीला ज्या गावी जाणार त्याच्या जवळच्या मोठ्या दवाखान्याचं नाव त्यांनी पोराच्या कार्डामागं लिहून दिलं होतं. मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले. मला नाही सांगत, आणि त्या अनोळखी म्हातारीला सांगतात.

माझ्या सासूबाईंचंही तसंच. वेदांतचा आजार कळल्यापासून त्या मला ऐकवत होत्या की हे तुझ्या माहेरचं रक्त. हा आजार आईकडून मुलाकडे येतो हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, मग काय, आयतंच कोलीत. मी रडले, भांडले, दोनदा माहेरी जाऊन बसले. एक दिवस बाईंसमोरच सासूबाईंनी सुरू केलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कधी कधी घराण्यात कोणालेच नसते, नवीनच होते. कोणाच्या पापानं होत नाई. अन समजा बापाकडून आला असता, तं तुमी पोराले घराबाहेर काढलं असतं काय?" सासूबाई म्हणाल्या, माझ्या पोराला कशाला काढीन? "नाई ना? मंग हिलेबी राहू द्या. जा, चहा मांडा आमच्यासाठी." आणि सासूबाई उठून चहा मांडायला गेल्या. माझ्यासाठीसुद्धा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. चहा चांगला झाला होता, पण मला गोड लागला नाही. मी इतकी वर्षं डोकं आपटलं, आणि ही बाई दोन वाक्यांत करून मोकळी.

आता मुख्य गोष्ट. वेदांत सात वर्षांचा झाला तेव्हा वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध घरी फ्रिजमध्ये ठेवायला देतो, पण आईनं शीर शोधायला शिकलं पाहिजे. बाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला होता. डॉक्टर त्यांनाही म्हणाले, बाई, तुम्ही किती दिवस पुरणार, आयांना शिकवा. हे कळायला कोणी सांगायची गरज नव्हती. मानोऱ्याहून वाशिम म्हणजे गाडी मिळून पोहोचेपर्यंत दोन तास. पोराच्या डोक्याला मार लागला तर आत रक्त साचायला दोन तास पुष्कळ झाले. माझ्या हाताला शीर सापडली तर पोरगं वाचेल, नाही सापडली तर नाही. इतकं साधं होतं.

बाईंनी आधी मला त्यांच्या स्वतःच्या हातावर शिकवलं. "टोच, मले काय होते?" म्हणायच्या. त्यांच्या हातावर मला दर वेळेस शीर सापडायची. मग यांच्या हातावर, म्हणजे वेदांतच्या वडिलांच्या. तिथंही सापडायची. वेदांतचा हात पुढं आला की माझे हात गारठायचे. एकदा चुकले, दोनदा चुकले. तिसऱ्यांदा सुई शिरेच्या बाजूनं आरपार गेली आणि त्याच्या कोपरात निळी गाठ आली. पोरानं हात मागं ओढला. म्हणालं, "तू नको. आजी पाहिजे."

बाईंनी सुई घेतली आणि दुसऱ्या हातात एका वेळेत घातली. पोरगं त्यांच्याशी क्रिकेटचं बोलत होतं. मी खोलीच्या कोपऱ्यात कापसाचा बोळा धरून उभी होते. जाताना बाई दारात थांबल्या. मला वाटलं, धीर देतील. म्हणाल्या, "तुले शीर कायले दिसन? तू त्याच्या हाताकडं पाहूनच नाई राह्यली. तू माह्याकडं पाहून राह्यली." आणि गेल्या.

सापाच्या शेपटीवर पाय दिल्यासारखं झालं मला. दोन दिवस यांच्याशीही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून, दुकानाला कडी लावून आसेगावला गेले. मनात सगळं ठरवून गेले होते. म्हणणार होते, बाई, आजपासून तुम्ही माझ्या घरी येऊ नका. माझं पोरगं आहे, मी बघून घेईन. तुम्हाला मोठेपणा मिरवायला दुसरी घरं पुष्कळ आहेत. हे शेवटचं वाक्य तर मी एसटीत चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं.

बाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. मी समोर बसले आणि पहिली दोन वाक्यं बोलले. तिसरं बोलायच्या आत त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माह्या पोट्ट्याचं नाव सुमेध होतं," त्या म्हणाल्या.

मला माहीतच नव्हतं. आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

"आठ वर्साचा होता. कधीमधी गुडघा सुजे त्याचा. आमी म्हणो, खेळताना लागलं असन. मंग एक दाढ किडली. दातवाल्या डॉक्टरनं इचारलं, रक्ताचं काही हाय काय? म्या म्हटलं, थांबा, मी लॅबवाली हाय, पाहून सांगतो." त्या त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं डाव्या हाताचं बोट दाबत बोलत होत्या. "माह्याच लॅबमंदी बसवलं त्याले स्टुलावर. बोटाले टोचलं अन घड्याळ लावून कागदानं टिपत गेली. अडीच मिनिटात रक्त थांबलं. एकदम नॉर्मल. मीच रिपोर्ट लिहला, मीच सही केली. सकाळी दाढ काढली. थोडं थोडं रक्त येतच राह्यलं, अन थो गिळत राह्यला. मी म्हणो, रिपोर्ट तं चांगला हाय, थांबन. नागपूरले नेला तव्हा त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं."

त्यांनी दाबलेलं बोट सोडलं.

"मंग तिथल्या डॉक्टरनं सांगतलं, या आजारात थे बोटाची तपासणी चांगलीच निघते. दुसरी करा लागते. म्या हजारो लोकायचं रक्त पाह्यलं असन, अन घरातलंच समजलं नाई मले."

थोड्या वेळानं त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. पाखडलं नाही, नुसतं धरून बसल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुले वाटत असन, तूच जळून राह्यली माह्यावर. मले दिसत नाई काय? पण मले तुहा राग येते. सगळ्याच मायायचा येते, तुहा जास्त. तू मशीनवर बसल्या बसल्या खेकसतं त्याच्यावर. वेदू, पाय खाली सोड. थो आयकत नाई, तू पुन्हा खेकसतं. मी तिथं बसून आयकतो. तुले मालूमच नाई तुह्यापाशी काय हाय थे. त्याच्या शिरेत औषध सोडतो तव्हा दर वेळेस मनात येते, हे पोट्टं काहून वाचलं अन माहं काहून नाई. दर वेळेस. सुई हलू देत नाई म्हणून कोणाले दिसत नाई."

मी ज्या कामासाठी गेले होते ते राहूनच गेलं. बाईंनी आत जाऊन पाणी आणलं, मी प्याले. "आता जाय," त्या म्हणाल्या, "चारची गाडी भेटन." जेवली काय, तेव्हाही विचारलं नाही.

त्यानंतरही त्या घरी येत राहिल्या. आम्ही दोघींनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी आणखी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा चुकले, आणि दोन्ही वेळा त्यांनी न बोलता सुई हातात घेतली. त्या न बोलण्याचाही मला राग यायचाच. कारण कळलं म्हणून जळणं बंद होतं असं थोडंच आहे.

वेदांत नऊ वर्षांचा असताना ते झालं. दुपारची वेळ. गल्लीत प्लॅस्टिकच्या बॉलनं खेळत होता. पळता पळता मागं बघितलं आणि समोरच्या घराच्या लोखंडी गेटवर कपाळ आदळलं. आत आला तेव्हा भुवईच्या वर लिंबाएवढं टेंगूळ होतं. "आई, डोकं दुखते," म्हणाला आणि खाटेवर आडवा झाला. हे भाड्याच्या गाडीची ट्रिप घेऊन अकोल्याला गेलेले. सासूबाईंना शेजारची गाडी आणायला पिटाळलं आणि बाईंना फोन लावला.

बाई रिसोडकडे एका घरी निघाल्या होत्या, एसटीत होत्या. मी काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. त्या म्हणाल्या, "आधी फॅक्टर. फ्रिजमधून काढ. तळहातात धरून कोमट कर. पाणी सोडल्यावर खळखळ हालवू नको, गोल फिरव." मी फोन खाटेवर ठेवून, आवाज मोठा करून, त्या सांगतील तसं करत गेले. पूड विरघळली. सिरिंज भरली. पट्टा बांधला. मग त्या म्हणाल्या, "आता मी फोन ठेवतो."

"ठेवू नका बाई. मी तुमच्या पाया पडते."

"मी कानात राह्यली तं तू माह्याकडंच पायशीन. त्याच्या हाताकडं पाय." आणि फोन बंद झाला.

घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वेदांतचे डोळे मिटलेले होते. माझ्यासमोर फक्त त्याचा हात होता, बारीक, धुळीनं माखलेला, कोपराजवळ बॉल लागल्याचा एक जुना डाग. मी तो हात असा कधी पाहिलाच नव्हता. दर वेळेस त्याच्या शेजारी बाईंचा हात असायचा, नाहीतर बाईंचा हात आता येईल म्हणून मी वाट बघत असायची. अंगठ्यानं चाचपलं. कातडीखाली काहीतरी दबलं आणि पुन्हा वर आलं. सुई घातली. नळीत लाल रक्त आलं.

मी औषध सावकाश सोडलं. घड्याळ बघून. हात हलला नाही. त्यानंतर दवाखान्यात पोहोचेपर्यंत मी गाडीत रडत होते, पण तो भाग वेगळा. वाशिमला डोक्याचा फोटो काढला. आत काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, औषध वेळेवर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वॉर्डात आल्या. पलंगाशी उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "सापडली?"

"सापडली."

"कुठली?"

"उजव्या कोपराची."

"मी तं डाव्या हाताचीच घेवो नेहमी." त्यांनी पोराचा उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. सुईच्या जागेभोवती अंगठा दाबत फिरवला. कुठं निळं नव्हतं, कुठं सूज नव्हती. त्या शोधत राहिल्या.

"आजी, आईनं एकाच वेळेत घातली," वेदांत म्हणाला.

"हाव काय," बाई म्हणाल्या.

ते तोंड मी ओळखलं. ओठ दाबलेले, हनुवटी किंचित वर, डोळे भलतीकडेच. सहा वर्षं मी तेच तोंड घेऊन कोपऱ्यात उभी राहिले होते. आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, बाई, चहा आणते. त्या म्हणाल्या, "नको, गाडी हाय." पोराच्या डोक्यावर हात ठेवला, पिशव्या उचलल्या आणि निघाल्या. काम झाल्यावर चहा न घेता गेलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. पहिले काही दिवस मला ते लक्षातही आलं नाही, मी माझ्याच तोऱ्यात होते. वेदांतला गरज लागली, मी सुई घातली. पुन्हा लागली, पुन्हा घातली. तो माझ्याशीही क्रिकेटचं बोलायला लागला. मग एक दिवस त्यानं विचारलं, आजी येत काहून नाई? मी म्हटलं, कामात असतील. फोन लावू लावू म्हणत राहिले आणि लावला नाही. काय म्हणून बोलवायचं होतं? ज्या कामासाठी त्या यायच्या ते काम मी त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि तेच तर मला हवं होतं.

शेवटच्या दिसल्या त्या मानोऱ्याच्या बसस्टँडवर. मी अस्तराचं कापड घ्यायला बाजारात निघाले होते. उभ्या असलेल्या एसटीच्या खिडकीत त्या बसल्या होत्या, मांडीवर थर्मासची पिशवी. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले.

"कुठं निघाल्या बाई?"

"नवीन घर सापडलं एक. तिकडं तांड्यावर. दीड वर्साचं पोट्टं हाय." डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा घातला होता. त्यामुळं त्या नेमकं कुठं बघत आहेत ते कळत नव्हतं. माझ्या हाताकडे असणार. "आता थंडीत पळाले लागन. गादीच्या पँटा शिवून ठेवजो दोन."

"शिवते. आई कशी आहे त्याची?"

बाई हसल्या. अशा मोकळ्या हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

"जळते माह्यावर," त्या म्हणाल्या. "म्या पोराले हात लावला का तिचं तोंड पाह्यासारखं होते. शिकन लवकर."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तसं त्यांनी तोंड पुढं वळवलं. हात वगैरे हलवायची त्यांना सवय नव्हती. गाडी पेट्रोल पंपाच्या पुढं वळली तरी मी तिथंच उभी होते. त्या घरची बाई कोण, कशी दिसते, मला काही माहीत नव्हतं. पण बाई आता तिच्या दारात उतरणार होत्या, तिच्या पोराशी आधी बोलणार होत्या, तिला बाजूला सरकायला सांगणार होत्या, आणि काम झालं की तिच्या हातचा दोन कप चहा पिणार होत्या. ती जळत असेल आज. जळू दे. मला तिचा एवढा हेवा वाटला की मी अस्तर न घेताच घरी परत आले.